चेनचा दाता, दहापट मोठा: मालवणच्या कार्यशाळेतल्या नोंदी

९ एप्रिल

जून महिन्यात शाळा उघडताना मुलांच्या हातात देता येईल असं चेनचं (झिपचं) चालतं मॉडेल करायचं आहे. काचेआड ठेवायचं नाही. मुलांनी रनर ओढायचा, अडकवायचा, पुन्हा सोडवायचा.

मूळ वस्तू म्हणून जुन्या जीनच्या पँटची पितळी चेन उसवून घेतली. नंबर ५. हा नंबर म्हणजे मिटलेल्या दात्यांची रुंदी, ढोबळमानाने मिलिमीटरमध्ये. आमची व्हर्निअरवर ६ च्या आसपास भरली. एका पट्टीवरच्या लागोपाठच्या ११ दात्यांमध्ये १० अंतरं, एकूण २५ मिमी. म्हणजे दात्यापासून दात्यापर्यंत २.५ मिमी. दहापट केलं की २५ मिमी. हिशेबाला सोपं, हाताला धरायलाही बरं.

पुढच्या नोंदींत शब्द असे: धातूचा तुकडा तो दाता, कापडाची ती पट्टी, पट्टीच्या कडेला शिवलेला जाड दोरा ती कड, सरकतो तो रनर. दात्याच्या एका अंगाला उंचवटा असतो आणि बरोबर त्याच्या पाठीमागे खळगा. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भिंग घेऊन पाहिलं की लक्षात येतं की सगळे दाते एकाच साच्याचे आहेत, डावे-उजवे असा भेदच नाही. शोध म्हणतात तो या भेद नसण्यातच आहे. तिथवर पोचायला माणसांना वीस-पंचवीस वर्षं लागली. म्हणून फसलेल्या दोन पायऱ्याही मॉडेलमध्ये घ्यायच्या ठरवल्या.

११ एप्रिल

पहिली पायरी: व्हिटकॉम्ब जडसन, शिकागो. २९ ऑगस्ट १८९३ रोजी त्याला पेटंट मिळालं ते बुटांच्या बंदासाठी. आकड्यांच्या दोन रांगा आणि त्या एकमेकींत अडकवत जाणारा सरकता तुकडा. (शिलाई यंत्रवाल्या इलियास हाऊने १८५१ मध्येच कपडे सलग बंद करण्याच्या युक्तीचं पेटंट घेऊन ठेवलं होतं. पुढे त्याने ते उचललं नाही. यंत्राच्या धंद्यातच तो बुडालेला.)

आमची सोपी आवृत्ती: ४०० मिमीच्या दोन लाकडी पट्ट्या, एकीवर ८ पितळी आकडे, दुसरीवर ८ कड्या, ५० मिमी अंतराने. रनर म्हणून पत्र्याची दुमडलेली खाच.

सपाट टेबलावर आठही बसले. मग लाकडी पट्ट्यांऐवजी तेच आकडे नवारीवर लावले आणि नवार मधोमध वाकवली, माणूस खाली बसला की कंबरेशी कापड वाकतं तशी. तीन आकडे आपसूक सुटले. कारण उघड आहे: आकडा ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने बाहेर येतो. परत फिरायला त्याला कोणी अडवत नाही, ताण असेतोवरच तो धरतो. ब्लाउजच्या हुकाचंही तेच, पण तिथे कापड सतत ताणलेलं असतं म्हणून निभावतं.

दुसरा दोष रनरचा. मुद्दाम एक आकडा २ मिमी वाकवला. तो कडी चुकला, रनरच्या तोंडाशी आडवा पडला आणि रनर पुढेही जाईना, मागेही येईना. जडसनच्या नंतरच्या, पट्टीवर बसवलेल्या आकड्यांच्या बंदाबद्दलही हीच तक्रार होती: भलत्या वेळी उघडतो.

१४ एप्रिल

दुसरी पायरी झटपट उरकली. गिडिऑन सुंडबॅक हा स्वीडनमध्ये जन्मलेला इंजिनिअर १९०५ मध्ये अमेरिकेत आला आणि १९०६ मध्ये जडसनच्या कंपनीत लागला. त्याने पुढे आकडे सोडूनच दिले. एका बाजूला नुसती दोऱ्याची जाड कड, दुसऱ्या बाजूला ती कड चिमटीत धरणारे जबडे.

आमच्याकडे जबडे म्हणजे कपडे वाळत घालायचे १२ लाकडी चिमटे, कड म्हणजे ८ मिमीचा सुती दोर. छान धरतं, आकड्यासारखं वाकवल्यावर सुटत नाही. पण चिमटा उघडा न करता दोर ओढून काढत राहिलो तर साठाव्या खेपेच्या आसपास दोराला लव सुटली आणि शंभरीच्या आत दोन पेड तुटले. सुंडबॅकचा तो बंदही यातच गेला: कापडच झिजायचं. धातू कापडाला धरतो तिथे हरणार कापडच. म्हणून पुढची पायरी अशी की धातूने धातूला धरायचं आणि कापडाने नुसतं जागेवर राहायचं.

चिमट्यांचं मॉडेल ठेवणार आहोत. सुटा दोर ५ मीटर जादा लागेल.

१९ एप्रिल

आजचा पूर्ण दिवस दात्याच्या मापांच्या हिशेबात गेला. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया.

सुंडबॅकचा दाता १९१३ चा, पेटंट मिळालं २० मार्च १९१७ रोजी. आधीच्या बंदांत इंचाला चारच तुकडे होते, त्याने ते दहा-अकरावर नेले. दाते एकावर एक ठेवलेल्या वाट्यांसारखे बसतात: याचा उंचवटा त्याच्या खळग्यात, त्याचा पुढच्याच्या.

लाकडात आम्ही धरलेली मापं:

दात्याची जाडी (पट्टीच्या लांबीच्या दिशेने) १२ मिमी. दोन दात्यांमधली मोकळी जागा २५ उणे १२, म्हणजे १३. तिथे समोरचा १२ चा दाता येणार, म्हणजे सैल जागा फक्त १ मिमी. उंचवट्याची उंची ३ मिमी. उंचवटा सैल जागेपेक्षा मोठा असलाच पाहिजे, नाहीतर दाता आडवा ओढला की निसटेल. ३ विरुद्ध १, बेस.

पण मग आत जाणार कसा? १२ चा दाता, त्याच्या डोक्यावर स्वतःचा ३ चा उंचवटा, वाटेत खालच्या शेजाऱ्याचा ३ चा उंचवटा. सरळ घुसवायचं तर १८ मिमी हवेत, जागा १३ ची. कमी पडतात ५.

हे ५ मिमी रनर देतो. पट्टी सरळ असताना दाते समांतर असतात. पट्टीला बाक दिला की दात्यांची टोकं पंख्याच्या काड्यांसारखी फाकतात. किती फाकतात ते सरळ हिशेबाने येतं: दात्यांमधलं अंतर गुणिले दात्याची लांबी भागिले बाकाची त्रिज्या. लांबी कडेपासून टोकापर्यंत ३० मिमी. त्रिज्या ३०० धरली तर २५ × ३० ÷ ३०० = २.५. त्रिज्या १५० धरली तर ५. प्रत्यक्षात दाते आळीपाळीने येतात, वरचा शेजारी यायच्या आधीच खालच्यावर टेकतात, म्हणून ५ पेक्षा कमी फाकलं तरी कदाचित चालेल. करून पाहू.

रनर निघून गेला की पट्टी सरळ, फट पुन्हा १३, आणि दाता कोंडलेला. उघडायचा तर रनरनेच, टोकापासून, एकेक. आकड्याची परतीची वाट जडसनला बंद करता आली नाही ती इथे अशी बंद होते.

उरलेली मापं: दात्याची एकूण लांबी ४० (कडेच्या मध्यापासून पुढे ३०, मागे १०), रुंदी २८. उंचवट्याचा मध्य कडेपासून २२ वर, म्हणजे मिटल्यावर दोन कडांमध्ये ४४ मिमी आणि साखळीची एकूण रुंदी ६४.

२२ एप्रिल

लाकूड: फणसाची फळी, १२ मिमीपर्यंत रंधून. साग हवा होता पण तुकडे सरळ रेषांचे (लाकडातल्या तंतूंच्या) मिळेनात.

कापायचे दोन मार्ग. सुंडबॅकच्या कारखान्यात पुढे जे यंत्र आलं त्यात दात्याच्या मागच्या, कडेवर आवळायच्या जबड्याच्या आकाराची, वाय अक्षरासारखा छेद असलेली तार घेऊन पावासारख्या चकत्या पाडत, त्याच झटक्यात उंचवटा-खळगा ठोकत आणि लगेच पट्टीच्या कडेवर आवळत. कीस-कचरा नाहीच. आपणही तसंच करू म्हणून लांब रिपेला आधी खाच पाडली आणि तिच्या १२ मिमीच्या चकत्या केल्या. चार दाते दहा मिनिटांत तयार. आणि चारही अंगठ्याने दाबल्यावर मोडले. रेषा दात्याला आडव्या गेल्या होत्या. पितळेला रेषा नसतात, म्हणून त्याचं जमतं.

दुसरा मार्ग: २८ × १२ ची रीप, रेषा लांबीला, तिचे ४० मिमीचे तुकडे. हे मोडत नाहीत. ४६ तुकडे (२० + २० + ६ जादा), करवतीचे २ मिमी धरून सुमारे दोन मीटर रीप. मोडलेल्या चार चकत्या डबीत टाकून ठेवल्या आहेत.

२५ एप्रिल

उंचवटा म्हणून सोफ्याचे घुमटी डोक्याचे पितळी खिळे, डोकं ११ मिमी, उंची ३. खळगा १३ मिमीच्या चपट्या बिटने ४ मिमी खोल.

चुका ज्या झाल्या त्या लिहून ठेवतो. खिळा पूर्ण लांबीचा ठोकला तर त्याचं टोक पाठीमागच्या खळग्यात निघतं: १२ मधून खळग्याचे ४ गेले, लाकूड उरलं ८. म्हणून प्रत्येक खिळा ७ मिमीवर कापायचा. आधी १.२ मिमीचं भोक न पाडता ठोकले ते दोन दाते चिरले. आणि पितळेचा मुलामा दिलेले लोखंडी खिळे मुळीच घेऊ नयेत. लोहचुंबक लावून बघावं. बंदरापासून हाकेच्या अंतरावर मुलामा एका पावसाळ्याचासुद्धा सोबती नाही.

खळगा आणि उंचवटा एकाच आसावर यायला हवेत. त्यासाठी लाकडी साचा केला: तुकडा त्यात बसवायचा, एका बाजूने १.२ चं भोक आरपार, मग तेच भोक मध्य धरून पाठीमागून खळगा. साच्याशिवाय केलेल्या पहिल्या सहांत १.५ मिमीपर्यंत फरक होता, ते बाद.

२९ एप्रिल

पट्टी: खाटेची सुती नवार, ७५ मिमी रुंद. आधी रात्रभर पाण्यात भिजवून, दोनदा वाळवून घेतली. सुती कापड आटतं आणि आटलं की दात्यांमधलं अंतर बदलतं. शिंपी पँटचं कापड पाण्यातून न काढता चेन लावतो आणि पहिल्या धुण्यानंतर चेनला लाटा येतात, ते याच्याच उलट: पॉलिएस्टरची पट्टी तेवढीच राहते, कापड आखडतं.

नवारीच्या कडेत ६ मिमीचा नायलॉन दोर घालून, नवार त्यावर दुमडून शिवली. कड एकूण ८ मिमी जाड. दात्याला मागे ८.५ मिमीचं भोक आणि त्यातून बाहेर ३ मिमीची चीर, जुन्या कुलुपाच्या किल्लीच्या भोकासारखं. दाते टोकाकडून मण्यांसारखे ओवायचे आणि चिरेतून आडवा २० मिमीचा पितळी स्क्रू मारायचा.

अंतरासाठी १३ मिमीची लाकडी पाचर दोन दात्यांमध्ये धरून आवळत गेलो आणि फसलो. दर दात्याला अर्धा मिमी चूक, विसाव्या दात्यापाशी १० मिमी! जवळजवळ एका दात्याची जाडी. पाचर काढून टाकली. नवारीवर पट्टी ठेवून एकाच आरंभापासून २५, ५०, ७५ अशा खुणा केल्या आणि प्रत्येक दाता आपापल्या खुणेवर बसवला. समोरच्या पट्टीचा आरंभ १२.५ मिमी पुढे.

४ मे

रनर. वर-खाली १२ मिमी मरीन प्लायच्या २०० × २०० च्या फळ्या, मध्ये ३० मिमी उंचीच्या कडेच्या भिंती (दात्याची रुंदी २८, वर-खाली एकेक मिमी सुट), पुढे मधोमध बदामाच्या आकाराची पाचर. भिंतींना पट्टी बाहेर जाण्यासाठी मध्ये १० मिमीची फट. मागचं तोंड ६६ मिमी.

पहिला रनर त्रिज्या ३०० चा. तिसऱ्या दात्याला उंचवटा शेजाऱ्याच्या काठावर आपटला आणि अडकला. जोर लावला तर खिळ्याचं डोकं लाकडात रुतलं. म्हणजे २.५ पुरत नाही. बाद.

७ मे

त्रिज्या १५०. चालतो. आठवड्यातली सर्वांत चांगली बातमी.

मागचा सरळ भाग पहिल्यांदा ४० मिमी ठेवला होता. मिटलेले दाते रनरमधून बाहेर पडताना अजून तिरके असायचे आणि शेवटचा एखादा उंचवटा खळग्याच्या काठावरच बसायचा. सरळ भाग ८० मिमी केला, म्हणजे तीन दाते पूर्ण सरळ होईपर्यंत दाबलेले राहतात. मग बसले.

१२ मे

मिटवलेल्या साखळीच्या कसोट्या.

आडवा ताण: एक पट्टी तुळईला, दुसरीला ५ किलो तांदळाची पिशवी. काही हललं नाही. १० किलोला एका दात्याचा स्क्रू चिरेतून सरकला, उंचवटे जागचे हलले नाहीत. खऱ्या चेनमध्येही दाता पट्टीवरून निघतो तो असाच, आधी जबड्याची पकड जाते.

वाकवणे: नळीभोवती गुंडाळली तरी धरून. जडसनची नवार शेजारी ठेवून दाखवायची.

एक दाता काढून: रनर त्या जागेवरून सुरळीत गेला, पण मागे त्या भोकाशी शेजारचे दोन दाते मोकळे हलू लागले आणि हाताने फाकवल्यावर तिथून दोन्हीकडे उसवत गेलं. वाटी एकावर एक तेव्हाच राहते जेव्हा वरची खालचीला दाबते. म्हणून मधला दाता गेलेली चेन दुरुस्तीला येते तेव्हा शिंपी ती बदलायलाच सांगतो, तो लबाडी करत नाही.

१८ मे

आगोटीची धांदल. पावसाळ्याच्या तयारीत लोक माळ्यावरचे रेनकोट, दप्तरं, होडीवर न्यायच्या पिशव्या काढतात आणि चेन अडकलेल्या असतात. मॉडेल बाजूला ठेवून आलेल्या चेन तपासल्या, कारण खाऱ्या वाऱ्याने काय होतं हेही फलकावर लिहायचं आहे.

पितळी दात्यांवर हिरवट थर. ॲल्युमिनियमवर पांढरी पूड, बोटाला लागते. सर्वांत वाईट अवस्था रनरची: तो बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो, मुलामा उडाला की त्याला पांढरे फोड येतात आणि आतली वाट अरुंद होते. शेजारी पितळ आणि वर मिठाचं पाणी म्हटलं की जस्त आधी खपतं. नायलॉनच्या वेटोळ्याच्या चेनला दाते गंजायचा प्रश्नच नाही, तिथेही मरतो तो रनरच.

उपाय जे लागू पडले: गोड्या कोमट पाण्यात अर्धा तास, जुना दातांचा ब्रश, पूर्ण वाळवणे, मग मेणबत्ती किंवा पेन्सिलीचं शिसं दात्यांवर घासणे. तेल लावू नये. तेलाला वाळू चिकटते आणि पुळणीवरची वाळू रनरला कानशीसारखी खाते.

रनर सरकतो पण मागे चेन उघडीच राहते, ही तक्रार निम्म्याहून अधिक वेळा. दाते ठीक असतात, रनरच्या वरच्या-खालच्या पाती फाकलेल्या असतात, त्यामुळे उंचवटा पूर्ण दाबला जात नाही. पकडीने मागच्या तोंडाच्या दोन्ही कडा आळीपाळीने किंचित दाबायच्या, दरवेळी सरकवून पाहायचं. अर्धा मिमीसुद्धा खूप होतो. एका दमात आवळला तर जस्त ठिसूळ, कड तुटते. आज दोन तुटले.

६ जून

मळभ, अधूनमधून सरी. रनर सहाव्या दात्याच्या पुढे जाईना. पंधरा दिवसांपूर्वी बोटाने सरकत होता.

दाते मोजले: १२.० चे १२.३ ते १२.४ झालेत. फणसाने दमट हवा प्यायली. नवारीत नायलॉनचा दोर असल्याने अंतर २५ च राहिलं, म्हणजे सैल जागा १ वरून जेमतेम ०.२ वर आली.

डबीतल्या मोडक्या चार चकत्या सहज मोजल्या: १२.० च. लाकूड रेषांच्या दिशेने फुगत नाही. सुंडबॅकच्या पद्धतीने कापलेला दाता मोडतो पण जाडी राखतो, आपल्या पद्धतीचा मोडत नाही पण फुगतो. दोन्ही गुण एका लाकडात मिळायचे नाहीत.

८ जून

सर्व ४० दाते काढून खळग्याच्या बाजूने घासले, ११.६ पर्यंत. त्यामुळे खळगा ४ वरून ३.२ ते ३.३ वर आला. ३ च्या उंचवट्याला पुरतो, पण यापुढे घासायला जागा नाही. चुलीशेजारच्या फळीवर दोन दिवस सुकत ठेवणार, मग लाखेच्या पॉलिशचे तीन हात, भोकांच्या आतूनसुद्धा. आतून विसरलं तर तिथूनच पाणी ओढेल.

पुन्हा फुगून ११.९ झाले तरी सैल जागा १.२ राहील. उंचवटा ३, तेव्हा पकडीला धोका नाही.

१३ जून

मुसळधार पावसात, पडवीत ठेवून तपासलं. वीस वेळा मिटवलं-उघडलं, एकदाही अडकलं नाही. दाते ११.७ ते ११.८.

फलकावर तीन ओळी वाढवल्या: पहिल्या महायुद्धात खलाशांच्या पैसे ठेवायच्या कमरपट्ट्यांना ही चेन लागली, १९२३ मध्ये गुडरिच कंपनीने रबरी बुटांना लावून त्याला झिपर हे नाव दिलं, पँटमध्ये ती त्यानंतरच्या दशकात आली.

राहिलेलं काम: रनर जागेवर रोखणारी कळ. खऱ्या रनरमध्ये ओढायच्या पत्तीखाली एक बारीक टोक असतं, पत्ती आडवी पडली की ते दात्यांच्या फटीत शिरतं. ती नसल्यामुळे मॉडेल उभं टांगलं की रनर स्वतःच्या वजनाने (१ किलो ४०० ग्रॅम) खाली घसरतो आणि चेन उघडते. तूर्त आडवं टेबलावरच ठेवावं. सोबत द्यायचं: जादा दाते ६, पितळी स्क्रू १०, मेणबत्ती १, व्हर्निअर १.